सात टक्के, शून्य टक्के आणि तेरावरून धरलेला अबोला

*ताई, मी निवृत्त हिशेबनीस आहे. मोठ्या प्रकल्पांची मूल्यांकनं करण्यात आयुष्य गेलं. लेक पर्यावरण धोरणाचा अभ्यास करते. महिन्यापूर्वी घरात कार्बन करावरून विषय निघाला. मी म्हणालो, आज पैसा घालून शंभर वर्षांनंतरचं नुकसान टाळायचं असेल, तर ते नुकसान आधी आजच्या भावात आणून दाखव. मी आमचा नेहमीचा सात टक्क्यांचा दर लावला, म्हणजे दर वर्षामागे रक्कम त्या दराने घटवत आजपर्यंत मागे आणली. शंभर वर्षांनंतरचं एक कोटीचं नुकसान आज साडेअकरा हजारांचं ठरतं. लेकीने माझ्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, शंभरच्या जागी दोनशे वर्षं घातली आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला: तेरा. म्हणाली, "बाबा, तुझ्या हिशेबात माझ्या वंशजांचं घरदार तेराला जातं." मी विचारलं, मग दर किती लावू? म्हणाली, "शून्य." तेव्हापासून आमचं कामापुरतंच बोलणं आहे. मला तिचा राग समजतो, पण माझा प्रश्नही खरा आहे. आजच्या गरिबाने पोटाला चिमटा काढून उद्याच्या श्रीमंतासाठी पैसे का भरायचे? वेगवेगळ्या दरांचा तक्ता सोबत जोडला आहे. तो मी लेकीलाही दिला होता. — एक हिशेबनीस*

नमस्कार. पत्राखाली नाव नाही, तेव्हा तुम्हाला हिशेबनीसच म्हणते. तुमचा तक्ता मी वहीत पुन्हा मांडून पाहिला. सवय जात नाही, सव्वीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली आहेत. तक्त्याबद्दल शेवटी लिहिते. तेरा मात्र बरोबर आहे. सात टक्क्यांनी दोनशे वर्षं मागे आणलं की एक कोटीचे तेराच उरतात, वर थोडे पैसे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा.

तुमचा सात मला पटत नाही आणि लेकीचं शून्यही पटत नाही. तुमची चूक सवयीची आहे, तिची रागाची. रागाची चूक चार दिवसांत उतरते, सवयीची उतरत नाही, म्हणून या उत्तरातला मोठा वाटा तुमच्या वाट्याला येणार आहे. रागावू नका.

पूर्वी सराफ हुंडी, म्हणजे ठरल्या मुदतीने पैसे देण्याची चिठ्ठी, वटवायचा तेव्हा मुदतीआधी पैसे देताना थोडे कापून घ्यायचा, त्याला वटाव म्हणत. त्या व्यवहारात हुंडी लिहिणारा, ती आणणारा आणि सराफ, तिघेही हयात असत आणि परवडलं नाही तर उठून जाऊ शकत. तुम्ही आयुष्यभर केलीत ती मूल्यांकनंही याच जातीची. वीस-पंचवीस वर्षांचा प्रकल्प, पैसा लावणारे आणि परतावा घेणारे बहुतेक तेच लोक. तिथे सात टक्के चालतात. दोनशे वर्षांच्या हुंडीत ज्याला पैसे मिळायचे तो अजून जन्मलेला नाही, आणि वटाव किती कापायचा हे आपण त्याच्या पाठीमागे ठरवतो आहोत. म्हणून इथे दर नुसता लावून चालत नाही, तो उघडून आत काय आहे ते बघावं लागतं.

उघडून दाखवायचं काम फ्रँक रॅम्से या तरुणाने 1928 सालीच करून ठेवलं आहे. वय वर्षं पंचवीस. सत्तावीस पुरी व्हायच्या आत तो गेला. त्याच्या मांडणीतून पुढे जे सूत्र रूढ झालं ते साधं आहे. दरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली निव्वळ अधीरता: आज रोख, उद्या उधार. उद्याचं सुख ते केवळ उद्याचं आहे म्हणून कमी मोलाचं. दुसरी गोष्ट श्रीमंतीची: पुढचे लोक आपल्यापेक्षा सुखवस्तू असतील, तर त्यांच्या हातात पडलेल्या जादा नाण्याने त्यांच्या आयुष्यात आपल्याइतका फरक पडणार नाही. म्हणून ते नाणं थोडं हलकं धरायचं. किती हलकं, हे अर्थव्यवस्था किती वेगाने वाढेल आणि श्रीमंतासाठी नाण्याचं मोल किती झपाट्याने उतरतं यावर ठरतं. या दोहोंची बेरीज म्हणजे तुमचा दर. स्वतः रॅम्सेने पहिली गोष्ट पिढ्यांच्या हिशेबात साफ नाकारली होती. ती नीतीला धरून नाही आणि माणसाची कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून येते, असं त्याचं मत होतं.

आता गंमत बघा. 2006 साली ब्रिटिश सरकारसाठी अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामान बदलाच्या अर्थकारणावर सातेकशे पानांचा अहवाल लिहिला. त्यांनी अधीरतेला 0.1 टक्का दिला, तोही एवढ्यासाठीच की मानवजात मध्येच नष्ट झाली तर पुढचा हिशेब कोणासाठी करायचा. (तेवढा दर धरला तरी शंभर वर्षांत नष्ट होण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांवर जाते! स्टर्न आशावादी होते असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) श्रीमंतीचे 1.3 धरून एकूण 1.4 टक्के. निष्कर्ष असा की काही केलं नाही तर जगाच्या उत्पन्नाच्या किमान 5 टक्के दरवर्षी, कायमचं, गमावल्यासारखं होईल, आणि जोखमी व्यापक धरल्या तर 20 टक्क्यांपर्यंत. टाळायचा खर्च मात्र वर्षाला सुमारे 1 टक्का. लगेच हात घाला.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी, ज्यांना पुढे 2018 साली याच कामासाठी नोबेल मिळालं, त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते अधीरता 1.5 टक्के, श्रीमंतीचे दोन दुणे चार (वाढ वर्षाला 2 टक्के, गुणिले नाण्याचं मोल उतरण्याचं माप 2), एकूण साडेपाच. त्यांचं म्हणणं तुमच्या म्हणण्याच्या जवळ जातं: बाजारात भांडवलाला जो परतावा मिळतो त्याच्याशी दर जुळला पाहिजे, नाहीतर तोच पैसा दुसरीकडे लावून आपण नातवंडांना जास्त देऊ शकलो असतो. निष्कर्ष: कार्बनवर किंमत लावाच, पण हळूहळू चढवत न्या.

हे दोघे निसर्गाच्या शास्त्राबद्दल फारसे भांडत नव्हते. शंभर वर्षांनंतरचं तुमचं तेच एक कोटी स्टर्न यांच्या दराने आज जवळजवळ पंचवीस लाखांचं आहे, नॉर्डहाउस यांच्या दराने सत्तेचाळीस हजारांचं. पन्नासपटीहून जास्त फरक, आणि तो बहुतांशी चक्रवाढीतून आलेला.

त्यातली अधीरता सुटी काढून बघा. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. शंभर वर्षांवर त्याचा अर्थ असा होतो की आजच्या एका माणसाइतकं वजन भरायला त्या काळातली साडेचार माणसं तराजूत घालावी लागतात. ती श्रीमंत असतील म्हणून नव्हे, तो हिशेब वेगळा आहे. केवळ उशिरा जन्मली म्हणून. तुमची लेक जिच्यावर चिडली ती हीच गोष्ट आहे, आणि या एका मुद्द्यावर मी निमूटपणे तिच्या बाजूला जाऊन बसते. कोणाचीही जन्मतारीख बघून वटाव कापू नये.

पण श्रीमंतीच्या भागावर तुमचं बरोबर आहे आणि तिने ते ऐकून घ्यायला हवं. शून्य दर म्हणजे पुढचा माणूस आपल्या दहापट सधन असला तरी त्याचं एक नाणं आपल्या एका नाण्याइतकंच. तसं धरलं तर पुढच्या असंख्य पिढ्यांना कायमचा चिमूटभर फायदा होत असेल, तरी त्यासाठी आजच्या पिढीने वाटेल तितकं उपाशी राहावं असं गणित निघतं. आणि उद्याची पिढी आली की तिलाही तेच गणित लागू, कारण तिच्याही पुढे पिढ्या आहेतच. जेवायचं कोणी, हा प्रश्न कधीच सुटत नाही. लेकीला एकदा हे तिच्याच कॅल्क्युलेटरवर करून बघायला सांगा, बेरीज कुठे थांबते का ते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी का भरायचं? हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तुम्ही तो अर्ध्यावर सोडला आहे. श्रीमंताच्या हातातलं नाणं हलकं, हे तत्त्व तुम्ही काळाला लावलंत. तेच आजच्या जगाला लावून बघा. नॉर्डहाउस यांच्या मापाने पाचपट श्रीमंत माणसाच्या हातातलं जादा नाणं गरिबाच्या नाण्याच्या पंचविसाव्या हिश्शाचं ठरतं. मग हे माप वापरणाऱ्याने आधी हेच म्हणायला हवं की आजचा खर्च आजच्या श्रीमंताने उचलावा. काळाच्या रेषेवर तत्त्व वापरायचं आणि शेजारच्या दोन माणसांत ते विसरायचं, ही एकाच वहीत दोन पद्धतींनी जमाखर्च लिहिण्यासारखी गोष्ट आहे. असा ताळेबंद एखाद्या शिकाऊ उमेदवाराकडून आला असता तर तुम्ही तो परत केला असता.

त्यामुळे "धोरण हवं की नको" आणि "त्याचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं" हे प्रश्न वेगळे ठेवा. दुसऱ्याचं उत्तर चुकलं की लोक पहिल्यावर चिडतात. फ्रान्समध्ये 2018 साली इंधनावरचा कर वाढवायचं ठरलं आणि पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले. ज्यांना गाडीवाचून गत्यंतर नाही अशा लोकांच्या खिशातून पैसे निघत होते आणि परत काय येणार ते दिसत नव्हतं. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 साली कार्बन कर आणला तेव्हा जमा होणारा पैसा इतर कर कमी करून आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परतावा देऊन फेडायचा, असं आधीच लिहून दिलं होतं. तो कर बरीच वर्षं टिकला. पण मी गुलाबी चित्र रंगवत नाही. त्याच देशात ग्राहकांवरचा कार्बन कर, घरोघरी परतावा जात असूनही, 2025 च्या एप्रिलमध्ये बंद झाला. पैसे परत करणं पुरत नाही, ते मिळाल्याचं घेणाऱ्याला जाणवावं लागतं, आणि ती कला हिशेबनिसांना कधीच जमलेली नाही. स्वीडनमध्ये 1991 पासून असा कर चालू आहे, तेव्हा अशक्य काही नाही.

उद्याचे लोक श्रीमंत असतील हे गृहीतकही जरा खरवडून बघा. ती सरासरी आहे. ज्याचं घर पाण्याखाली जाईल तो त्या सरासरीतला असेलच असं नाही, बहुधा खालच्या टोकाचाच असेल. आणि हवामानाने वाढच खाल्ली तर? मग सूत्रातला दुसरा भाग उलटा फिरतो, दर शून्याच्याही खाली जातो, आणि उद्याचं नाणं आजच्याहून जड होतं. शिवाय काही गोष्टी श्रीमंतीबरोबर वाढत नाहीत. प्रवाळ, हिमनद्या, गोडं पाणी. कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तू भरमसाट आणि या गोष्टी दुर्मीळ, असं झालं की यांचं मोल चढत जातं. थॉमस स्टर्नर आणि मार्टिन पर्सन यांनी 2008 साली दाखवलं की एवढी एक गोष्ट हिशेबात घेतली तर नॉर्डहाउस यांचा चढा दर ठेवूनही स्टर्न यांच्यासारखंच उत्तर येऊ शकतं. तुम्हाला तुमचा दर प्रिय असेल तर हा रस्ता मोकळा आहे.

"तोच पैसा सात टक्क्यांनी गुंतवू आणि नातवंडांना भरपाई देऊ" हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणार. माझ्या कचेरीत प्रत्येक दुसरा माणूस हे म्हणायचा. मी त्याला एकच विचारायची: हे खातं कुठे उघडलं आहे? शंभर वर्षं हात न लावता ठेवलेलं, बरोबर त्याच माणसांच्या नावावर ज्यांचं नुकसान होणार आहे? असं खातं कोणीही उघडलेलं नाही. वाचलेला पैसा आपण खर्च करतो, नुकसान मात्र वारसाने जातं.

आता तुम्हाला तक्त्यात करून बघता येईल अशी एक गोष्ट. समजा मी तुम्हाला म्हटलं, पुढच्या शंभर वर्षांत खरा दर 1 टक्का असेल की 7, मला माहीत नाही, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. तुम्ही काय कराल? बहुतेक जण सरासरी काढून 4 टक्के लावतात. 4 टक्क्यांनी एक कोटीचे आज एक लाख अठ्ठ्याण्णव हजार होतात. पण सरासरी दराची काढायची नसते, रकमेची काढायची असते. 1 टक्क्याने आजची रक्कम 36,97,112. 7 टक्क्यांनी 11,525. दोहोंची सरासरी 18,54,318. नऊपटीहून जास्त! आणि या रकमेतून उलटा दर काढला तर तो येतो 1.7 टक्के. जितकं लांब जाल तितका तो 1 च्या दिशेने सरकत जातो, कारण चढ्या दराने आलेली रक्कम वाळून जाते आणि बेरजेत कमी दराचीच रक्कम शिल्लक राहते. हे अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी 1998 साली दाखवलं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत म्हणूनच दर काळाप्रमाणे उतरतो: पहिली तीस वर्षं साडेतीन टक्के, मग पायरीपायरीने कमी होत तीनशे वर्षांपलीकडे एक टक्का. म्हणजे "मला दर माहीत नाही" हे थांबण्याचं कारण होत नाही, उलट दर खाली आणण्याचं कारण होतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस तोच गुणाकार पुन्हा पुन्हा करत होते.

दराच्या बाबतीत अर्धा टक्का काय करतो ते अमेरिकेतही दिसलं. हवेत सोडलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडमुळे जगाचं किती नुकसान होतं, याचा आकडा तिथल्या पर्यावरण संस्थेने 2023 साली काढला. अडीच टक्के दराने 120 डॉलर, दोन टक्क्यांनी 190, दीड टक्क्याने 340. टन तोच, धूर तोच. त्याआधीच्या एका सरकारने दर चढा धरून आणि देशाबाहेरचं नुकसान वगळून हाच आकडा एक अंकी डॉलरवर आणून ठेवला होता. म्हणून कोणी नुसता आकडा तोंडावर फेकला की आधी दर विचारायचा, मग आकडा ऐकायचा.

विम्यातली असल्यामुळे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. कोणीही माणूस आगीचा विमा सरासरी नुकसानाच्या हिशेबाने परवडतो म्हणून घेत नाही. सरासरीने बघितलं तर विमा नेहमी तोट्याचाच, नाहीतर आमचे पगार कुठून झाले असते? माणूस हप्ता भरतो तो शेपटाच्या भीतीने, म्हणजे क्वचित घडणारं पण घडलं तर होत्याचं नव्हतं करणारं जे टोक असतं त्याच्या. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दुप्पट झालं तर तापमान किती चढेल, याचा हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा (आयपीसीसी) 2021 चा अंदाज 3 अंशांभोवती आहे, पण 5 अंशांपर्यंतचा पल्ला त्यांनी खुला ठेवला आहे. तुमच्या तक्त्यात 3 चं नुकसान आहे, 5 चं नाही. बक्षीस सरासरीवर मोजावं, धोका टोकावर.

नेदरलँड्सचं उदाहरण मी नेहमी देते, कारण तिथे हिशेब करूनच बंधारे बांधले. 1953 च्या फेब्रुवारीच्या पहिल्या पहाटे समुद्र आत घुसला आणि त्या देशात 1,836 माणसं गेली. त्यानंतर डेव्हिड व्हान डान्झिख नावाच्या गणितज्ञाकडे प्रश्न आला: बंधारा किती उंच हवा? त्याने तुमचंच काम केलं. एका बाजूला उंची वाढवायचा खर्च, दुसऱ्या बाजूला पुढच्या सगळ्या काळातलं अपेक्षित नुकसान, वटाव कापून. पण त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या. बंधाऱ्यामागची जमीन हळूहळू खचत जाते, आणि तिच्यावरची संपत्ती वर्षागणिक वाढत जाते. म्हणजे गमावण्यासारखं दरवर्षी जास्त, आणि त्या वाढीने वटावाचा बराचसा भाग खाऊन टाकला. हे गणित 1956 साली छापून आलं. मध्य हॉलंडसाठी, म्हणजे देशाच्या पश्चिमेकडच्या दाट वस्तीच्या भागासाठी, जे मानक सुचवलं गेलं ते दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पातळीचं होतं, आणि त्या योजनेतला मोठा शेवटचा दरवाजा 1997 साली बसला. वटाव लावूनही उंच बंधारा निघतो, फक्त बंधाऱ्यामागे काय आहे ते सगळं लिहावं लागतं.

हवामानात बंधाऱ्यापेक्षा एक अडचण जास्त आहे. बंधारा उद्या उंच करता येतो, हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड उद्या खाली आणणं महाकठीण. त्यातला बराच भाग झाडं-माती-समुद्र शोषतात, पण उरलेला शेकडो, काही तर हजारो वर्षं राहतो. तापमान चढतं ते साठ्याच्या हिशेबाने: दर 1,000 अब्ज टनांमागे साधारण 0.45 अंश. जग वर्षाला सुमारे 40 अब्ज टन सोडतं. म्हणजे दहा वर्षं "बघू" म्हटलं की 0.18 अंश खात्यावर चढले, आणि ते कोणी वटवून देत नाही. त्यात आज उभं राहिलेलं कोळशाचं वीजकेंद्र तीस-चाळीस वर्षं चालवायच्या हिशेबाने बांधलेलं असतं. एकदा बांधलं की मग बंद करताना त्याच्या कर्जाचंही रडगाणं ऐकावं लागतं.

"थांबलो तर तंत्रज्ञान स्वस्त होईल, मग करू" असंही तुम्ही तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. वाचलं मी. 2010 ते 2019 या काळात सौर विजेचा खर्च सुमारे 85 टक्क्यांनी उतरला, लिथियम बॅटऱ्यांचाही तितकाच. पण तो कॅलेंडरची पानं उलटल्यामुळे उतरला नाही. एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की सौर पट्ट्यांची किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरत गेली आहे, आणि उत्पादन दुप्पट व्हायला कोणीतरी महाग असताना घ्यावं लागतं. जर्मनीने 2000 सालच्या कायद्याने वीस वर्षं चढा भाव बांधून दिला, तिथल्या वीज ग्राहकांनी तो भरला, चीनमधल्या कारखान्यांनी त्या मागणीवर उत्पादन वाढवलं. आज जे देश स्वस्तात सौर वीज घेतात त्यांचा पहिला हप्ता दुसऱ्या कोणी भरलेला आहे. सगळेच थांबले असते तर थांबण्याचा फायदा कोणालाच मिळाला नसता.

आणि सगळा फायदा शंभर वर्षांनीच येतो असं तुम्ही धरलं आहे, तेही तपासा. घराबाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने 2019 साली जगात सुमारे 42 लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा ज्या इंधनांचा, तीच इंधनं हवा तापवतात. ती कमी जाळली तर फुप्फुसांना फायदा त्याच वर्षी होतो. मिथेनचंही तसंच. तो हवेत बारा वर्षांच्या आसपास टिकतो, पण वीस वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. गळके वायूचे नळ बुजवायला सात टक्क्यांचा दरही आडवा येत नाही. तुम्ही आणि लेक दराबद्दल कितीही भांडलात तरी इथे दोघांची सही एकाच कागदावर होईल, आणि मी तुमच्या जागी असते तर बोलणं इथूनच सुरू केलं असतं.

दर किती लावायचा, हे राहिलं. 2018 साली मोरिट्झ ड्रुप आणि सहकाऱ्यांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. या विषयात लिहिणाऱ्या सुमारे दोनशे तज्ज्ञांना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मधलं उत्तर 2 टक्के आलं, आणि दहातल्या नऊ जणांना 1 ते 3 मधला कोणतातरी दर चालण्यासारखा वाटला. सात त्या पट्ट्यात नाही, शून्यही नाही. 2 टक्क्यांनी तुमच्या एक कोटीचे आज 13,80,000 होतात. (इथेही तेरा येतात, पण लाखांत.) मी स्वतः 2 च्या थोडं खाली थांबते, टोकाची भीती वाटते म्हणून. तुम्ही 3 म्हणालात तरी मी वाद घालणार नाही. फक्त दर एका आकड्यात लिहू नका. अधीरतेला एक रकाना, श्रीमंतीला एक, आणि तिसऱ्यात पुढचे लोक खरंच श्रीमंत असतील असं आपण का मानतो ते शब्दांत. तिसरा रकाना लेकीला भरू द्या. तिचा अभ्यासच तो आहे.

आता तक्ता. तुम्ही 5 टक्क्यांच्या ओळीत 7,60,449 लिहिलं आहे. तिथे 76,045 हवेत, दशांशचिन्ह एक घर सरकलं आहे. तुमच्या हातून, आणि तेही लेकीच्या बाजूने! तिच्याकडे तक्ता महिनाभर आहे. तिला ती चूक दिसली नसेल असं मला वाटत नाही. तिने दाखवायच्या आधी तुम्हीच जाऊन दाखवा.